भुंगीच्या पेशी

माझी वहिनी काय काम करते, असं कोणी विचारलं की मी सांगतो, "पेशींना जेवायला घालते." ऐकणारा आधी हसतो आणि मग मी फिरकी घेतोय का, हे बघायला माझ्या तोंडाकडे बघत राहतो. मी फिरकी घेत नसतो. माझा स्वभाव तसा थट्टेखोर आहे, पण वहिनीच्या कामाची थट्टा करायची माझी हिंमत होत नाही.

आम्ही दोघं एकाच संस्थेत. हृदयासाठी नवनवीन गोष्टी शोधून काढणं हे संस्थेचं काम. वरच्या मजल्यावर यंत्रवाले बसतात. छातीत बसवायचे अंगठ्याएवढे पंप, चुकार ठोक्यांना वळणावर आणणाऱ्या डब्या, केसाएवढ्या तारा, असलं सगळं ते घडवतात. खालच्या मजल्यावर पेशीवाले. ते हृदयाचा स्नायू प्लेटमध्ये वाढवतात आणि त्याचं पातळ ठिगळ करून दुबळ्या हृदयाला लावायची खटपट करतात. खालचे वरच्यांना लोहार म्हणतात, वरचे खालच्यांना माळी. मी दोघांचाही हमाल. फ्रीज, गॅसच्या टाक्या, थंड हवेची यंत्रं, यातलं काही बिघडलं की दोन्ही मजल्यांवरून माझ्याच नावाने शंख सुरू होतो.

वहिनी माळ्यांतली. तिला सगळे दाई म्हणतात, अगदी मॅडमसुद्धा. मॅडम म्हणजे खालच्या मजल्याच्या प्रमुख. ठिगळाची मूळ कल्पना त्यांची. पेशी कोमट कपाटात राहतात आणि त्यांना रोज खायला लागतं. ते खाणं म्हणजे फिकट लाल रंगाचं पाणी, त्याला मीडिया म्हणतात. कालचा मीडिया हलकेच ओढून घ्यायचा आणि आजचा घालायचा. तोही थेट पेशींवर ओतायचा नाही, कडेने सोडायचा, नाहीतर त्या उपटून येतात. पेशींना रविवार कळत नाही, सुट्टी कळत नाही, घरातलं कार्य कळत नाही. माझ्या लग्नात वहिनी जेवायलासुद्धा थांबली नाही. माझी बायको अजून ते उगाळत असते.

वहिनीला आणि माझ्या भावाला, म्हणजे दादाला, एकच मुलगी होती. सारखी काहीतरी गुणगुणायची म्हणून ती भुंगी. जेवताना गुणगुण, अभ्यासात गुणगुण, रागावली तरी गुणगुण; फक्त मग सूर जरा वर जायचा. कॉलेजात गेली आणि तिला दम लागायला लागला. हृदयाचा स्नायू जुन्या इलॅस्टिकसारखा सैल पडलाय, असं निदान झालं. औषधं झाली, ती पुरेनात, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या लोहारांनी घडवलेला पंप तिच्या छातीत बसवला. पोटातून एक वायर बाहेर यायची आणि खांद्याला बॅटरीची पिशवी. तो पंप रक्त सलग ढकलतो, धक्क्याधक्क्याने नाही, त्यामुळे हाताला नाडी लागत नाही. भुंगी येईल त्याच्यापुढे मनगट धरायची. "काका, नाडी शोधा, बक्षीस मिळवा." आणि शोधणारा घाबरला की खिदळायची. अशी कार्टी.

पंप म्हणजे टेकू. खरा उपाय ठिगळाचाच होता. तिच्याच रक्तातल्या पेशी घ्यायच्या, त्यांना वयात उलटं नेऊन पुन्हा कोवळं करायचं आणि मग हृदयाच्या पेशी व्हायला शिकवायचं. तिच्याच असल्यामुळे शरीर त्यांना परकं म्हणणार नव्हतं. घरच्या माणसाच्या पेशी घरच्यांनी हाताळू नयेत, असं मॅडमचं म्हणणं होतं. पण वहिनी हट्टाला पेटली, आणि तिच्याइतका हलका हात दुसऱ्या कुणाचा नव्हता, हे मॅडमनाही ठाऊक होतं.

भुंगीच्या पेशी भारी पिरपिऱ्या निघाल्या. आज चिकटल्या तर उद्या सुटायच्या. वहिनी त्यांच्यापुढे बसून असायची, घरी आली तरी अर्धी तिकडेच. ठिगळ तयार होण्याआधीच रक्ताची एक गाठ भुंगीच्या डोक्यात गेली. पंप चालू राहिला, पण पोर उठली नाही. आता पंप थांबवणंच बरं, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं. वहिनी नाही म्हणत राहिली. शेवटी दादाने हो म्हटलं आणि डॉक्टरांनी पंप बंद केला.

त्याबद्दल ती दोघं एकमेकांशी कधी बोलली नाहीत. दादाने पुन्हा संस्थेत पाऊल टाकलं नाही. त्याचं कड्याकोयंड्यांचं दुकान आहे. ते तो सकाळी लवकर उघडायचा आणि उशिरा बंद करायचा. वहिनी मात्र कामावर परत आली, कारण पेशी होत्या. भुंगी गेली तरी तिच्या पेशी कोमट कपाटात तशाच होत्या आणि त्यांना भूक लागत होती. एकदा मी दादापुढे त्यांचा विषय काढला, तर तो माझ्यावर खेकसला. "माझी पोर गेली. तिकडे जे आहे ती बुरशी आहे. पुन्हा नाव काढू नकोस."

आणि मग त्या पेशीही खंगायला लागल्या. रोज थोड्या कमी. वहिनीचा चेहरा पुन्हा तसाच झाला, पंपाच्या दिवसांत होता तसा. अशा वेळी माळी लोक एक उपाय करतात. शेजारच्या दणकट पेशी ज्या मीडियात दिवसभर राहिल्या, तो मीडिया काढून घ्यायचा, बारीक गाळणीतून गाळायचा आणि दुबळ्या पेशींना पाजायचा. दणकट पेशींनी त्यात सोडलेला कस दुबळ्यांना मिळतो. खालच्या मजल्यावर त्याला उष्टं म्हणतात. सगळ्यांत दणकट होता पैलवान. कुण्या धडधाकट माणसाने दिलेल्या रक्तापासून केलेल्या त्या पेशी, कशाही ठेवा, माजतातच. वहिनीने भुंगीला पैलवानाचं उष्टं सुरू केलं.

काही दिवसांनी ती धावत माझ्याकडे आली. मी छताजवळ शिडीवर होतो. खालूनच ओरडली, "भाऊजी, पोरीने अंग धरलं हो!" इतकी हसत होती की मी पडता पडता वाचलो. त्या दिवशी तिने दोन्ही मजल्यांवर मिठाई वाटली. वरच्यांना कशाबद्दल ते कळलंही नाही, पण त्यांनी दोन-दोन तुकडे हाणले.

त्यानंतर भुंगीच्या पेशींनी मागे वळून पाहिलं नाही. कितीही वाढवा, वाढायच्या. त्यांचा पापुद्रा मायक्रोस्कोपखाली एकसाथ, ठेक्यात आखडायचा आणि सुटायचा. दुसऱ्यांनाही चालेल असं ठिगळ त्यातून करता येईल, असं मॅडमच्या डोक्यात आलं. डुकरांवर ते लावून पाहिलं आणि दुबळ्या हृदयाची डुकरं चालू-फिरू लागली. पाहुणे यायचे, प्लेट बघायचे, वाहवा करायचे. वहिनी मागे उभी राहून ऐकायची. मला कधी मायक्रोस्कोपाशी ओढून न्यायची. "बघा, बघा, कशी उड्या मारते." मी बघायचो. खरं सांगतो, मलाही भुंगीच दिसायची. वर्षं गेली तशी वहिनीच्या अंगावर थोडं मांस चढलं, ती पुन्हा लोकांना चिडवायला लागली. एखादी आई मुलगी लांबच्या गावी सुखात नांदतेय असं सांगते, तशी ती त्या पेशींचं सांगायची.

ठिगळ आता माणसाला लावायची वेळ आली. त्याआधी पेशी कुणाच्या आहेत, याची तपासणी करावी लागते. वहिनीने स्वतःची लाळ हसत हसत दिली. "आईशी जुळवून बघा, नाक माझ्यावर गेलेलं असेल," असं म्हणाली.

निकाल आला त्या दुपारी मॅडमनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. मी हात पुसत गेलो. मॅडमनी दार लावलं आणि खुर्ची टेबलामागून काढून वहिनीच्या जवळ आणली.

"दाई, तपासणी पुन्हा करून घेतली मी," मॅडम म्हणाल्या. "म्हणून आधी सांगितलं नाही. या पेशी भुंगीच्या नाहीत. पुरुषाच्या आहेत. पैलवानाच्या."

वहिनी म्हणाली, "असं कसं होईल? प्लेटवर माझ्या हाताने नाव घालते मी."

"नाव बरोबर आहे. आतलं बदललंय. कधी, ते कळत नाही."

वहिनीने निकालाचा कागद स्वतःकडे ओढून घेतला. मी मॅडमवर उगाच भडकलो. यंत्र नीट चालतं का, तपासणाऱ्याला अक्कल आहे का, असं बरंच काहीबाही बोललो. त्यांनी ऐकून घेतलं. मग वहिनीच बोलली, इतक्या शांतपणे की मला ते सहन होईना.

"गाळण्या संपल्या होत्या. नव्या यायच्या होत्या. पोरीला खाडा पडेल म्हणून मी उष्टं नुसतं यंत्रात गरगर फिरवून घेतलं, गाळ खाली बसू दिला आणि वरचं नितळ घातलं. नितळच होतं हो. काही दिसत नव्हतं त्यात."

त्या नितळात पैलवानाची एखादी पेशी असणार. एखादी पुरते. ती दुप्पट होते, मग चौपट, आणि दुबळ्याच्या घरात शिरलेला आडदांड पाहुणा काही दिवसांत घर बळकावतो. पोरीने अंग धरलं म्हणून वहिनीने मिठाई वाटली, तेव्हा प्लेटमध्ये पोर संपत आली होती.

"मीच घातलं तिच्या ताटात," वहिनी म्हणाली.

मॅडमनी तिचे दोन्ही हात धरले. घाईच्या दिवसांत हे मीही केलंय, इथल्या सगळ्यांनी केलंय, असं त्या सांगत राहिल्या. ते खरंच होतं. कामाचं तर काहीच बिघडलं नव्हतं. ठिगळ पैलवानाचं आहे असं म्हटलं की झालं. डुकरं जगली ती जगलीच. साऱ्या संस्थेत नुकसान झालं ते एकट्या वहिनीचं.

मॅडमनी जुन्या नोंदी उकरल्या तेव्हा एक गोष्ट सापडली. पेशी नव्या होत्या, उष्टं सुरू व्हायचं होतं, तेव्हाची एक कुपी द्रव नायट्रोजनच्या टाकीत तळाला गोठवलेली होती. एकच. ती कोमट केली तर कदाचित जगेल, कदाचित नाही. एवढ्या पिरपिऱ्या पेशी बहुधा जगत नाहीत. एकदा उघडली की पुन्हा गोठवायला काही उरेल याचीही खात्री नाही. "तुम्ही ठरवा," मॅडम वहिनीला म्हणाल्या. "कामासाठी मला ती लागत नाही."

वहिनीने दादाला सांगायला मला बरोबर नेलं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. तिने सगळं सांगितलं, गाळणीसकट. दादा एक बिजागरी उघडमीट करत ऐकत होता.

"राहू दे तिथेच," तो म्हणाला. "उघडू नकोस."

माझं डोकं फिरलं. "बुरशी आहे म्हणत होतास ना? मग आता तुला काय त्याचं?"

"म्हणत होतो!" दादा ओरडला. "म्हणून काय खरंच वाटत होतं का मला तसं? ती तिकडे आहे, हिच्याजवळ आहे, हिच्या हातचं खातेय, एवढ्यावर मी दिवस काढले. बघायला आलो असतो आणि मला ती तिथे दिसली नसती तर मी काय केलं असतं?"

इतक्या वर्षांत दादाला रडताना मी पाहिलं नव्हतं. भुंगी गेली तेव्हासुद्धा नाही. वहिनी काउंटरच्या आत गेली आणि त्याच्याजवळ उभी राहिली.

"न उघडता राहिली तर रोज मला वाटणार की त्यातही पैलवानच आहे," ती म्हणाली. "अहो, मला एकदा बघू द्या. गेली तर गेली. पण मला बघू द्या."

दादाने बिजागरी मिटली. मग ती खाली ठेवली आणि म्हणाला, "बघ."

टाकी माझ्या अखत्यारीतली. जाड हातमोजे घालून मी तळाचा ट्रे वर काढला, गार वाफेत मला काही दिसेना. वहिनीने कुपी घेतली आणि कोमट पाण्यात धरली. बर्फाचा शेवटचा कण विरघळला तसं आतलं पाणी प्लेटमध्ये सोडलं, कडेने. दुसऱ्या दिवशी बघितलं तर बहुतेक पेशी मरून वर तरंगत होत्या. त्यांच्याखाली थोड्या, अगदी थोड्या, तळाला चिकटून होत्या. या वेळी त्यांना कुणाचंही उष्टं दिलं नाही. वहिनी त्यांच्याशी बोलायची नाही, कुणाला दाखवायची नाही. नख वाढावं तशा त्या वाढल्या. तपासणी झाली. मुलीच्या होत्या, आणि ती मुलगी वहिनीची होती.

मला वाटलं, आता पुन्हा मिठाई. वहिनी मान हलवून कामाला लागली. पेशींना हृदयाच्या पेशी व्हायला शिकवण्यात पुढचे काही आठवडे गेले आणि एक दिवस तिने मला बोलावलं.

मी मायक्रोस्कोपला डोळे लावले. पापुद्रा आखडला, सुटला. पुन्हा आखडला. मग थांबला. मी डोळे तसेच लावून ठेवले. बऱ्याच वेळाने एक अर्धवट ठोका, मग दोन घाईघाईचे, मग पुन्हा काही नाही. भुंगी जिन्यात अशीच थांबायची. चार पायऱ्या चढायची, कठड्याला धरून उभी राहायची, आपण बघतोय असं दिसलं की हसायची आणि दोन पायऱ्या उगाच भराभर चढायची.

"हीच आहे," वहिनी म्हणाली. "आजारीच आहे हो अजून."

तिला हुंदका आवरेना. इतकी वर्षं जिच्या उड्यांचं कौतुक केलं ती कुणी परकीच होती, आणि आपली पोर सापडली ती अशी, पुन्हा दमलेली. तिला जवळ घेऊन एक तीट लावायचंही समाधान नाही. मला देवाचा, संस्थेचा, त्या पैलवानाचा, सगळ्यांचा राग आला. पैलवानाचा तर काय दोष? त्या बिचाऱ्या माणसाने रक्त दान केलं होतं.

मॅडमनी त्यानंतर जे मांडलं ते सरळ मांडलं. हा आजार पेशींतच मुरलेला असतो हे आता कळलं, आणि तो आणखी पुष्कळ मुलांना आहे. निरोगी पेशींवर त्याचं औषध शोधता येत नाही. त्याला अशाच आजारी पेशी लागतात. भुंगीच्या पेशी वाढवायच्या, एकेक औषध त्यांच्यावर घालायचं आणि ठोका सुधारतो का ते बघायचं. बहुतेक औषधांनी सुधारणार नाही. पुष्कळदा पेशी थांबतील, मग दुसरी प्लेट घ्यायची. "तुम्ही नको म्हणालात तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही," मॅडम म्हणाल्या. "मग या पेशी तुमच्या. ठेवा, किंवा थांबवा."

या वेळी वहिनीने दादाला संस्थेत बोलावलं आणि दादा आला. स्वच्छ शर्ट घालून आला, केस विंचरून. पांढरा कोट त्याला आखूड झाला. मायक्रोस्कोपवर वाकला तर त्याच्याच श्वासाने काच धुरकट झाली; वहिनीने ती पुसून दिली. मग त्याला दिसलं. तो एक ठोका, ते थांबणं. दादा कितीतरी वेळ वाकून होता. एकदा ठोका लांबला तेव्हा त्याने टेबलाची कड घट्ट धरली.

"हिला दुखतं का?" त्याने मॅडमना विचारलं.

मॅडम म्हणाल्या, "नाही. तिथे ज्याला दुखेल असं कुणी नाही. नुसता स्नायू आहे."

दादाने वहिनीकडे बघितलं, वहिनीने त्याच्याकडे. मॅडमचं खरं आहे हे दोघांनाही कळत होतं, आणि दोघांनाही ते पटत नव्हतं.

"आणखी पोरं आहेत म्हणताय," दादा म्हणाला.

"आहेत."

"मग करा."

औषध घालायचं काम दुसऱ्या कुणाला देते, असं मॅडम वहिनीला म्हणाल्या होत्या. वहिनीने ऐकलं नाही. परका हात लावू नका, घालायचं ते मीच घालेन, असं तिने सांगून टाकलं. तेव्हापासून ती ते काम करते आहे. सकाळी पेशींना खायला घालते, मग औषध, मग बसून राहते. कधी ठोका थोडा वेळ सरळ चालतो आणि आम्ही सगळे माना उंचावतो. मग तो अडखळतो आणि थांबतो. वहिनी ती प्लेट बाजूला ठेवते आणि दुसरी घेते. हे मी दाराच्या काचेतून बघितलंय. आत जावं असं मला कधी वाटलं नाही. पैलवानाचं ठिगळ आता माणसांना लावतात आणि त्यातली काही चांगली हिंडतात-फिरतात. भुंगीच्या आजारावर अजून काही सापडलेलं नाही.

दादा आता संध्याकाळी दुकान लवकर बंद करतो आणि संस्थेच्या फाटकाशी येऊन उभा राहतो. वहिनी बाहेर आली की तिच्या हातातली पिशवी घेतो. मी मागून सायकल ढकलत येत असतो, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं.

"आज कशी होती?" तो विचारतो.

"लवकर दमली," वहिनी म्हणते.

दादा पिशवी दुसऱ्या हातात घेतो. मग म्हणतो, "उद्या जरा कमी घाल औषध."